थेंब हो म्हणाला, थर नाही: सोन्यावरच्या एका रेणवीय थराचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं हे प्रकरण. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर, सगळा विभाग ज्यांना मामा म्हणतो ते प्रयोगशाळेतले शिपाई, आणि अधूनमधून सल्ल्याला बोलावला जाणारा मी, एवढीच पात्रं.

काम असं होतं. सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यांवर सोन्याचा मुलामा, आणि त्या सोन्यावर हेक्झाडेकेनथायोलचा बरोबर एक रेणू जाडीचा थर. सोळा कार्बनची साखळी, एका टोकाला गंधक; अशा रेणूंना थायोल म्हणतात. थराची जाडी साधारण २ नॅनोमीटर. पुढे याच थरात मधूनमधून दुसरे रेणू बसवून पाण्यातलं शिसं ओळखणारा सेन्सर करायचा होता. पण त्याआधी साधा थर इतका घट्ट हवा होता, की द्रावणातला आयन सोन्यापर्यंत पोचूच नये.

वरकरणी हे फार सोपं. सोनं स्वच्छ करायचं, इथेनॉलमध्ये थायोलचं एक मिलिमोलर द्रावण करायचं, तुकडा बुडवायचा आणि घरी जायचं. बाकीचं रेणू बघून घेतात. लांब साखळीचे रेणू धातूवर आपण होऊन असे ओळीत बसतात, हे अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली दाखवलं होतं. सोनं आणि गंधक ही जोडी पुढे आली ती १९८३ मध्ये, बेल लॅब्जच्या राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांच्या कामातून. त्यांनी थायोल नव्हे, तर डायसल्फाइड (दोन थायोल गंधकापाशी जोडून होणारा रेणू) वापरलं होतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थर नीट का बसतो, हे थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. सोन्याच्या १११ फलकावर (स्फटिकाच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर) अणू षटकोनी मांडणीत असतात, शेजारच्या दोन अणूंत ०.२८८ नॅनोमीटर अंतर. गंधक प्रत्येक जागा पकडत नाही. तो याच्या वर्गमूळ तीन पट, म्हणजे जवळपास ०.५ नॅनोमीटर अंतर राखून बसतो. एका चौरस सेंटीमीटरवर असे साडेचार कोटी कोटी रेणू मावतात. आता वरच्या साखळ्यांना एकमेकींना बिलगायला याहून थोडं कमी अंतर हवं असतं. पाय दूर रोवलेले आणि खांदे तर भिडवायचे आहेत. मग सगळ्याच एका दिशेला कलतात, लंबापासून सुमारे ३० अंश. वारा सुटल्यावर ज्वारीचं रान एका बाजूला झुकतं, तसं. (चांदीवर गंधक जरा जवळजवळ बसतो, म्हणून तिथे हा कल १०-१२ अंशांवर येतो.)

हे सगळं दोन टप्प्यांत होतं, आणि दोन्हींचा वेग अगदी वेगळा आहे. एक मिलिमोलर द्रावणात पहिल्या काही मिनिटांतच सोनं बहुतेक झाकलं जातं, जाडी अंतिम जाडीच्या ८०-९० टक्क्यांवर जाते. त्यानंतर साखळ्या सरळ होणं, रिकाम्या फटींत नवे रेणू शिरणं, छोटे पट्टे एकमेकांत विलीन होऊन मोठे होणं, याला तासन्‌तास लागतात. दादरला गाडीचा जनरल डबा दोन मिनिटांत भरतो, पण बॅगा वर टाकून, ‘जरा सरका’ म्हणत सगळे नीट टेकेपर्यंत कर्जत येतं. प्रिन्स्टनच्या पॉइरिए आणि पायलंट यांनी १९९६ मध्ये वायुरूप थायोल वापरून ही गर्दी प्रत्यक्ष पाहिली. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली रेणू आधी सोन्यावर आडवे, पट्ट्यापट्ट्यांनी निजलेले दिसले, आणि गर्दी वाढली तसे उभे राहिले.

अडचण

एप्रिलमध्ये विद्यार्थिनीचे थर उत्तम होते. इन्फ्रारेड (आयआर) वर्णपटात साखळीतल्या मिथिलीन (CH₂) गटाच्या असममित कंपनाची पट्टी २९१८ प्रति सेंटीमीटरवर येत होती. साखळी सरळ आणि शेजारणींशी घट्ट असेल तर ती तिथे येते. साखळीत वाकणं पडली, अवस्था द्रवासारखी झाली, की ती २९२४ च्या दिशेनं सरकते. सहा-सात आकड्यांचा फरक, पण या कामात तेवढ्यावर जगणं-मरणं असतं. फेरीसायनाइडच्या द्रावणात सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वरखाली नेत विद्युतप्रवाह मोजणं) काढली की उघड्या सोन्यावर येणारी दोन शिखरं पार सपाट होत होती.

जुलैत तेच थर गळायला लागले. सीव्हीत शिखरं पुन्हा डोकं वर काढत होती, एका तुकड्यावर कमी, दुसऱ्यावर जास्त, कशाला कशाचा मेळ नाही. इन्फ्रारेडची पट्टी २९२१, कधी २९२२. आणि कॉन्टॅक्ट अँगल, म्हणजे थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन? तो मात्र व्यवस्थित. पाण्याचा थेंब ११० अंशांच्या वर, टपोरा, मोत्यासारखा. सरांना दाखवला की ते म्हणत, “थर तर झालाय. मग गळतंय कुठून?”

तोवर सेन्सरच्या अहवालासाठी चाळीस तुकडे द्यायचे होते, आणि हातात चांगले म्हणावे असे पाच.

काय काय बदललं होतं

एक बैठक झाली. मी तिथे होतो. एप्रिलपासून काय बदललं याची यादी फळ्यावर लिहिली गेली. सोन्याचा नवा लॉट आला होता, बाहेरून मुलामा देऊन आणलेला. इथेनॉलचा कॅन नवा होता. थायोलची बाटली वर्षभर उघडझाप होत वापरात होती. आणि पावसाळा सुरू झाला होता. आपल्याकडे प्रयोगशाळेत काहीही बिघडलं तरी पावसाळ्याचं नाव यादीत येतंच. त्यावर कोणी हसलं नाही, उलट माना डोलावल्या.

जे फळ्यावर आलंच नाही, ते असं. मे महिन्यात विद्यार्थिनीनं तुकडे बुडवून ठेवायचा वेळ १८ तासांवरून एका तासावर आणला होता. कारण अगदी घरगुती होतं. काचेच्या बुचाच्या बरण्या तीनच होत्या (प्लास्टिकच्या डब्यांतून प्लास्टिसायझर सुटतो, म्हणून ते बाद), आणि चाळीस तुकडे करायचे होते. तिनं हा बदल डोळे मिटून केला नव्हता. दहा मिनिटं, एक तास आणि चोवीस तास बुडवलेल्या तुकड्यांचे कॉन्टॅक्ट अँगल मोजले, तिन्हींत जेमतेम दोन अंशांचा फरक आला, आणि तिनं वहीत लिहिलं: ‘एक तास पुरेसा.’ तपासून घेतलेली गोष्ट म्हणून ती बदलांच्या यादीत धरायची, हे तिच्या मनात आलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो अडचण सुरू होण्याच्या दोन महिने आधी घेतला गेला होता. चूक आळसाची नव्हती. मोजमाप बरोबर होतं, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होतं. पाण्याचा थेंब थराचा वरचा जेमतेम अर्धा नॅनोमीटर पाहतो. वर मिथाइलची (CH₃) टोकं आहेत की नाहीत, एवढंच त्याला कळतं. खाली साखळ्या उभ्या आहेत की एकमेकींत गुंतल्यात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि मधूनमधून मिथिलीन उघडं पडलं, तरी पाण्याला तेही पुरेसं तेलकटच लागतं, त्यामुळे कोन फारसा हलत नाही.

पर्याय आणि पहिला निर्णय

बैठकीत तीन पर्याय पुढे आले. थायोलची नवी बाटली मागवायची. सोनं जुन्या ठिकाणाहून पुन्हा करून आणायचं. किंवा एप्रिलची वही उघडून, त्या दिवशी जे जसं केलं ते ओळीनं तसंच पुन्हा करायचं.

तिसरा पर्याय फुकट होता आणि दोन दिवसांत झाला असता. सरांनी पहिला निवडला. कारणही पटण्यासारखं होतं. थायोल हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होऊन डायसल्फाइड बनतं, बाटली जुनी आहे, मग संशय तिच्यावरच. मीही मान हलवली, हे कबूल करतो.

बाटलीला सहा आठवडे लागले. खरेदी समिती, तीन कोटेशनं, एक सही रजेवर. मधल्या काळात विद्यार्थिनीनं एक शहाणपणाची गोष्ट स्वतःहून केली. जुन्या बाटलीतला चिमूटभर नमुना विभागातल्याच एनएमआरवर (रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्रावर) टाकला. गंधकाला लागून असलेल्या मिथिलीनचा संकेत थायोलमध्ये २.५२ पीपीएमला येतो, डायसल्फाइडमध्ये २.६८ ला. दुसरं शिखर होतं, पण अगदी बारीक. बाटली जवळपास शुद्ध होती. ही चाचणी अर्ध्या तासाची. ती आधी झाली असती, तर खरेदीचा कागद हललाच नसता.

आणि थोडं डायसल्फाइड असतं तरी काय बिघडलं असतं? १९८३ चे ते पहिले थर डायसल्फाइडचेच होते. सोन्यावर त्याचा गंधक-गंधक बंध तुटतो आणि शेवटी जवळपास तसाच थर तयार होतो. संशोधक म्हणून हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी बैठकीत त्याची आठवण झाली नाही. समोर संशयित असला की त्याच्या बाजूचा पुरावा आठवत नाही.

दुसरा टप्पा: वेळ पुन्हा तपासणं

बाटली निर्दोष ठरल्यावर विद्यार्थिनी माझ्याकडे वही घेऊन आली. पानं चाळताना मे महिन्यातलं ‘एक तास पुरेसा’ दिसलं. मी विचारलं, “हे कशावरून?” ती म्हणाली, “सर, कॉन्टॅक्ट अँगलवरून.” दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग ती स्वतःच म्हणाली, “आयआर नाही काढला तेव्हा.”

एकाच लॉटच्या सोन्यावर, एकाच द्रावणातून, चार कालावधी ठरवले: दहा मिनिटं, एक तास, सहा तास, अठरा तास. या वेळी प्रत्येक तुकड्यावर सगळी मोजमापं. पाण्याचा कोन चारही ठिकाणी जवळपास सारखाच. पण इन्फ्रारेडची पट्टी पायरीपायरीनं २९२३ कडून २९१८-१९ कडे आली, आणि सीव्हीतली गळती सहा तासांपर्यंत भराभर, पुढे सावकाश कमी होत गेली. माझ्या सांगण्यावरून तिनं पाण्याऐवजी हेक्झाडेकेन या तेलासारख्या द्रवाच्या थेंबाचा कोनही मोजला. हा थेंब मिथाइल आणि मिथिलीन यांत फरक करतो. नीट मांडलेल्या मिथाइल पृष्ठभागावर तो ४५ अंशांच्या वर उभा राहतो, मिथिलीन उघडं पडलं की पसरायला लागतो. दहा मिनिटांचा तुकडा त्यानं लगेच ओळखून दिला. मे महिन्यात पाण्याच्या जागी हा थेंब टाकला असता, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. त्याच यंत्रावर, त्याच सिरिंजनं.

वेळ पुन्हा १८ तास झाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दहा दिवसांनी काही तुकडे पुन्हा गळायला लागले.

तिसरा टप्पा: शेल्फवरचे तुकडे

या वेळी तक्रार वेगळी होती. केल्या दिवशी मोजलेला तुकडा चांगला. तोच पाच-सहा दिवसांनी खराब. तुकडे पेट्री डिशमध्ये शेल्फवर ठेवलेले असायचे, हवेत. सर म्हणाले, “आता तरी दमट हवेवर विश्वास ठेवा.”

ऑक्सिडेशनचा संशय घेऊन दोन तुकडे दुसऱ्या संस्थेतल्या एक्सपीएसवर (पृष्ठभागावरचे अणू कोणत्या अवस्थेत आहेत हे क्ष-किरणांनी ओळखणाऱ्या यंत्रावर) पाठवले. सोन्याला बांधलेलं गंधक १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतं, ऑक्सिडाइज होऊन सल्फोनेट झालेलं १६८ च्या आसपास. अहवाल आला: १६८ ला काही नाही, १६२ चं शिखर नेहमीपेक्षा बुटकं. निष्कर्ष निघाला की ऑक्सिडेशन नाही, थरच विरळ बसतोय. पुन्हा थायोलकडे बोटं वळली. नवी बाटली एव्हाना आलीच होती, ती उघडायची असं ठरलं.

इथे विद्यार्थिनी अडली, आणि तिचं अडणं हा या प्रकरणातला दुसरा मोठा वळणबिंदू. तिला आठवलं, की पाठवण्याआधी तिनं तुकडे नेहमीप्रमाणे इथेनॉलनं स्वच्छ धुतले होते. सल्फोनेटची सोन्यावरची पकड थायोलेटच्या (सोन्याला बांधलेल्या थायोलच्या) तुलनेत फार कच्ची असते. इथेनॉलच्या धारेनं ते सहज निघून जातं. म्हणजे पुरावा धुऊन, पुसून, छान पॅक करून पाठवला होता. विरळ दिसलेला थर हीच त्या धुण्याची खूण होती. तिनं एक जुना तुकडा मधोमध कापला, अर्धा धुतला, अर्धा तसाच ठेवला, दोन्ही पाठवले. न धुतलेल्यावर १६८ चं शिखर स्पष्ट उभं होतं.

आता ऑक्सिडेशन आलं कुठून? साधी हवा इतक्या लवकर इतकं नुकसान करत नाही. हवेतल्या ओझोननं हे थर खराब होतात हे १९९० च्या दशकातच दाखवलं गेलं होतं, आणि त्याला प्रकाश लागतोच असं नाही. आमच्या विभागात सोनं स्वच्छ करायला अतिनील-ओझोन यंत्र वापरतात. पिरान्हा द्रावणाला (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जहाल मिश्रणाला) परवानगी नाही, आणि मला विचाराल तर नसावीच. पण ते यंत्र दुसऱ्या टेबलावर, त्याची नळी खिडकीबाहेर सोडलेली. निदान आम्ही असं धरून चाललो होतो.

उत्तर मामांकडून आलं. संध्याकाळी सहाला कुलूप लावताना ते विद्यार्थिनीला म्हणाले, “ताई, या खोलीत हल्ली झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येतो.” ओझोनचा वास याहून नेमका कोणी सांगितला असता असं मला वाटत नाही. ती खिडकीशी गेली. जूनमध्ये पाऊस आत येतो म्हणून कोणीतरी नळी आत ओढून खिडकी बंद केली होती. नळीचं तोंड शेल्फच्या खाली, जमिनीवर पडलेलं. म्हणजे पावसाळ्याचा हात होताच, फक्त दमटपणातून नाही.

मागे वळून पाहता दोन्ही कारणं एकमेकांना हात देत होती. एका तासाचा थर सैल, साखळ्यांत फटी; ओझोनला गंधकापर्यंत जायला वाट मोकळी. अठरा तासांच्या घट्ट थरानं तग जास्त धरला, म्हणून वेळ वाढवल्यावर दहा दिवस तरी सगळं बरं वाटलं. दोन कारणं एकत्र असली की पहिलं सापडल्यावर माणूस शोध थांबवतो. आम्ही थांबवलाच होता.

काय केलं, काय निष्पन्न झालं

खिडकीत भोक पाडलेली प्लायवूडची फळी बसवून नळी कायमची बाहेर काढली. यंत्र शेजारच्या खोलीत हलवलं. यंत्रातून काढलेलं सोनं आता इथेनॉलमध्ये अर्धा तास ठेवतात, कारण ओझोनमुळे सोन्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो आणि इथेनॉल तो काढून टाकतं. आधी ही पायरी कधी व्हायची, कधी राहायची. तयार तुकडे हवेत न ठेवता शक्यतो दोन दिवसांत वापरतात, नाहीतर नायट्रोजन भरलेल्या बंद बरणीत. आणि काचेच्या बुचाच्या आठ बरण्या घेतल्या. एका तासाचा शॉर्टकट ज्या टंचाईतून जन्मला, ती टंचाई नव्या थायोलच्या किमतीच्या फार थोड्या भागात मिटली.

ऑक्टोबरच्या अखेरीस चाळीसपैकी छत्तीस तुकडे चाचणीत टिकले. अहवाल एक सत्र उशिरा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलची पद्धत जशीच्या तशी पुन्हा करून पाहणं, हे पहिलं पाऊल असायला हवं होतं. ती जमली असती तर शोध बदलांपुरता उरला असता, आणि नसती जमली तर खोलीवर संशय लगेच गेला असता. दोन्हीकडून फायदाच. ‘मागे जाणं’ हे काम वाटत नाही आणि ‘मागवणं’ काम वाटतं, म्हणून आपण बहुतेकदा दुसरं करतो.

बदलांची यादी माणसांच्या आठवणीतून नव्हे, वहीतून काढायला हवी होती. तपासून केलेला बदलही बदलच असतो.

एक मुद्दा मात्र अजून वादात आहे. उरलेल्या चार तुकड्यांची गळती सोन्याच्या नव्या लॉटमुळे आहे, असं विद्यार्थिनीचं म्हणणं. थंड पृष्ठभागावर घातलेल्या मुलाम्यात दाणे लहान पडतात, दाण्यांच्या कडा वाढतात, आणि थराचे पट्टे त्या कडांपाशी तुटतात. सोनं तापवून दाणे वाढवावेत, असं ती म्हणते. सरांच्या मते चाळिसात चार खराब हे चालण्यासारखं आहे आणि शिशाकडे वळायला हवं. मला तिचं पटतं, पण निर्णय सरांचा आहे, आणि सध्या सेन्सरचं काम त्याच सोन्यावर सुरू आहे. थायोलची नवी बाटली फ्रिजमध्ये आहे, सील न तोडलेली.